पोपटाची नोंद झाली, वारसाचे काय?

नवी दिल्ली : आफ्रिकन ग्रे, मकाव किंवा काकाकुवा घरी असलेल्या प्रत्येकाने त्याची सरकारदरबारी नोंद करणे आता बंधनकारक आहे. वन्यजीव (संरक्षण) कायद्यात २०२२ मध्ये झालेली दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली आणि २८ फेब्रुवारी २०२४ रोजी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने नोंदणीचे नियम अधिसूचित केले. ‘परिवेश’ या संकेतस्थळावर पक्ष्याची मालकी, त्याचे हस्तांतरण, पिलांचा जन्म आणि मृत्यू हे सारे कळवावे लागते. पक्षी आला कोठून, हे या व्यवस्थेला कळू शकेल. तो पुढे कोणाकडे राहणार, हा प्रश्न मात्र तिच्या कक्षेबाहेरच राहिला आहे.

वरवर पाहता कायदा विचित्र वाटतो. अंगणातल्या पिंजऱ्यात मिरची खाणारा कंठवाला पोपट किंवा पहाडी पोपट पाळणे हा गुन्हा आहे, आणि लाखाच्या घरात किंमत जाणारा मकाव मात्र कागदपत्रे असल्यास चालतो. यामागे कारण आहे. देशी पोपटांची पिले झाडांच्या ढोलीतून काढून बाजारात येतात. परदेशी पोपटांची पैदास बंदिवासात होऊ शकते. होऊ शकते, होतेच असे नाही. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतील जंगलांतून आफ्रिकन ग्रे इतक्या प्रचंड संख्येने पकडले गेले की, घानासारख्या देशात तो जवळपास दिसेनासा झाला. अखेर २०१६ मध्ये जोहान्सबर्ग येथील ‘साइटीस’ परिषदेत तो पहिल्या परिशिष्टात गेला आणि जंगलातून पकडलेल्या ग्रेचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद झाला.

भारताने जून २०२० मध्ये परदेशी प्राण्यांची माहिती स्वेच्छेने देण्याची योजना आणली. पहिल्या सहा महिन्यांत माहिती देणाऱ्यांकडे कागदपत्रे मागितली जाणार नव्हती. आकडा हाती यावा, हा हेतू समजण्यासारखा होता; पण चोरट्या मार्गाने आलेल्या पक्ष्यालाही त्यातून प्रतिष्ठा मिळाली, हा आक्षेप खोडून काढणे कठीण आहे. आज खरेदी करणाऱ्याला ती सवलत नाही. पायातील अखंड कडी हा त्याच्या हातचा साधा पुरावा. ती पिलाच्याच पायात चढते, वाढलेल्या पक्ष्याच्या नाही. कडीवरचा क्रमांक आणि विक्रेत्याचे कागद जुळत नसतील, तर व्यवहार तेथेच थांबवणे शहाणपणाचे.

कागद जुळले तरी पुढचा हिशेब वर्षांचा असतो. आफ्रिकन ग्रे नीट सांभाळल्यास चाळीस ते साठ वर्षे जगतो; मोठ्या मकावचे आयुष्यही तसेच. पन्नाशीतल्या गृहस्थाने आणलेले पिलू त्याच्या माघारीही घरात असण्याचीच शक्यता अधिक. हा पक्षी कुत्र्यासारखा हजारो वर्षांत माणसाळलेला नाही. त्याच्या अंगी थव्याची वृत्ती शाबूत असते. अमेरिकेतील संशोधक आयरीन पेपरबर्ग यांनी ‘ॲलेक्स’ नावाच्या ग्रेला रंग, आकार आणि संख्या ओळखायला शिकवले. तो २००७ मध्ये एकतिसाव्या वर्षी गेला. ज्या बुद्धीचे कौतुक होते, तीच रिकामी बसली की पक्षी स्वतःची पिसे उपटू लागतो. घरातील माणसे कामावर आणि पोपट दहा तास पिंजऱ्यात, या वेळापत्रकात तो बसत नाही.

आवाजाचा विषय विक्रेते क्वचितच काढतात. पहाटे आणि संध्याकाळी मकाव जो कर्कश कल्लोळ करतो, तो सदनिकेच्या भिंती अडवू शकत नाहीत, आणि शेजाऱ्यांशी होणाऱ्या कुरबुरीला पोपट कधीच जबाबदार नसतो. नुसत्या सूर्यफुलाच्या बियांवर ठेवलेल्या पक्ष्याला चरबी आणि जीवनसत्त्वांची उणीव दोन्ही भोगावी लागतात. फार तापलेल्या नॉनस्टिक तव्याचा धूर त्याच्या फुफ्फुसांना प्राणघातक ठरतो. ॲव्होकॅडो आणि चॉकलेट विषासमान आहेत. पक्ष्यांची खरी जाण असलेला पशुवैद्य लहान शहरांत सहज सापडत नाही, तेव्हा त्याचा शोध खरेदीआधी घ्यावा लागतो.

नाइलाज झाल्यावर पिंजरा उघडून ‘मुक्त’ करण्याचा विचार अनेकांच्या मनात येतो. ॲमेझॉनच्या खोऱ्यातील जातीचा, हाताने भरवून वाढवलेला मकाव भारतीय शहराच्या आकाशात अन्न शोधू शकत नाही. कावळे आणि घारी त्याला जगू देत नाहीत. दुसऱ्याला देणे हाच मार्ग उरतो आणि ते हस्तांतरण पुन्हा नोंदवावे लागते. मालकाच्या मृत्यूनंतर हे काम घरातील अशा व्यक्तीवर येते, जिने कदाचित तो पक्षी कधी हातावरही घेतलेला नसतो. घर आणि दागिने कोणाला, हे मृत्युपत्रात लिहिणाऱ्या कुटुंबांत पोपटाचे नाव घालणे हास्यास्पद वाटते. पण नोंदणीचा कागद, कडीचा क्रमांक, आहाराची यादी आणि पक्ष्याला स्वीकारण्यास तयार असलेल्या माणसाचे नाव एका पाकिटात ठेवायला फार तर एक दुपार लागते.