गंजलेल्या पत्र्यास जोड

इन्सुली व बांदा या बाजूस भातखाचरांत आतां पॉवर टिलर सर्रास फिरतांना दिसतात. यंत्र आलें, परंतु त्याच्या निगेची संवय मात्र आली नाहीं, असें आमचें स्पष्ट मत आहे. लावणी आटोपली कीं टिलर चिखलासकट मांगरांत जाऊन पडतो. चिकटलेला चिखल पावसाळाभर ओल धरून ठेवितो, आणि पात्यांवरील पत्र्याचें आवरण आंतून कुजत जातें.

इ. स. १९०३ च्या सुमारास लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं लोखंडी नांगर काढला, तेव्हां लोखंडानें जमीन नासेल अशी शंका शेतकरी घेत. अनुभव उलट आला. लोखंडानें जमीन नासली नाहीं; निष्काळजीपणानें मातीपाण्यांत ठेविलेलें लोखंड मात्र नासतें.

हें आवरण शोभेकरितां नाहीं. पात्यांनीं उडविलेला खडा यंत्रामागून चालणाऱ्याच्या अंगावर येऊं नये, हें त्याचें काम. म्हणून त्यास पडलेलें भोंक हा केवळ पैशाचा प्रश्न नसून गड्याच्या हातापायांचा प्रश्न आहे.

नवें आवरण घेण्याऐवजीं जुन्यास वेल्डिंगनें जोड देणें ही काटकसर आम्हांस मान्य आहे. पण गंजावरच ठिगळ डकवून वरून रंग फासणें म्हणजे वरून कीर्तन, आंतून तमाशा! गंजलेला पत्रा जोड धरीत नाहीं; तो जळून भोंक मोठें होतें. यास्तव आवरण सोडवून धुवावें, चकचकीत धातु दिसेपर्यंत घांसावें, आणि कुजका भाग निरोगी पत्र्यापर्यंत कापून टाकावा. ठिगळ तेवढ्याच जाडीचें असावें. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा घेऊं नये. त्याचा धूर बाधतो. प्रथम समोरासमोर टांके मारून मग थोडथोडें, जागा बदलीत जोडावें. एका दमांत जोडल्यास पत्रा तापून वांकतो. आवरण उतरत नसेल, तर अर्थची तार जोडाच्या जवळच लावावी. नाहींतर वीज बेअरिंगांतून जाऊन तें खराब होतें. शेवटीं दोन्ही बाजूंस गंजरोधक रंग द्यावा. कारण वेल्डिंगनें आंतील बाजूचा रंगही जळतो, आणि गंज पुन्हां तेथूनच सुरू होतो.

मात्र दोन ठिकाणीं काटकसर करूं नये. बोल्टांच्या भोंवतालचा पत्रा कुजला असेल, तर आवरण बदलावेंच. मोडलेलें पातें तर कधींही जोडूं नये. त्याचें पाणी उतरतें, आणि तें फिरतांना तुटल्यास प्राणावर बेततें.

खरा उपाय कारखान्यांत नसून विहिरीवर आहे. काम संपतांच दोन बादल्या पाणी, कोरडें फडकें व तेलाचा हात एवढें केल्यास पुष्कळ खर्च टळेल. बैलास धुतल्यावांचून जो गोठ्यांत बांधीत नसे, त्या शेतकऱ्यास हें सांगावें लागावें, याचें आम्हांस वाईट वाटतें. सभासद बंधूंनीं येत्या लावणीपूर्वीं आपापल्या यंत्राचें आवरण उलटें करून एकवार पाहावें, अशी आमची आग्रहाची विनंति आहे.