वणव्याचा अलर्ट मोबाइलवर येतो, पण तोपर्यंत आग किती पसरलेली असते?

उन्हाळ्यात नासाची ‘फर्म्स’ वेबसाइट उघडा आणि चंद्रपूर-गडचिरोलीवर झूम करा. नकाशावर लाल ठिपक्यांचा सडा पडलेला दिसेल. त्यातले काही सिंदेवाहीच्या आसपासच्या जंगलातही असतात. असा स्क्रीनशॉट ग्रुपवर आला की दोन गोष्टी हमखास ऐकायला मिळतात. एक, ‘सगळं जंगल जळतंय.’ दुसरी, ‘सॅटेलाइटला सगळं दिसतं, मग वनविभाग झोपलाय का?’ मी रोज डेटावरच काम करतो, म्हणून सांगतो: दोन्ही निष्कर्ष घाईचे आहेत. हा ठिपका तयार कसा होतो ते आधी बघू.

ठिपका म्हणजे नेमकं काय?

उपग्रह आगीचा फोटो काढत नाही, तो जमिनीची उष्णता मोजतो. आजूबाजूच्या जमिनीपेक्षा एखादा तुकडा फारच तापलेला दिसला की सिस्टिम तिथे ‘आग’ अशी खूण करते. ‘व्हीआयआयआरएस’ नावाच्या सेन्सरसाठी हा तुकडा साधारण ३७५ मीटर बाय ३७५ मीटरचा असतो, म्हणजे जवळपास ३५ एकर. ठिपका दाखवला जातो तो या तुकड्याच्या मध्यावर. प्रत्यक्ष आग त्यातल्या एखाद्या कोपऱ्यात असू शकते. ३५ एकर जळाले असाही त्याचा अर्थ नाही. आणि एक मोठा वणवा एकाच फेरीत अनेक ठिपके देतो.

म्हणून आकडेही जपून वाचावे लागतात. भारतीय वन सर्वेक्षणाच्या अहवालानुसार नोव्हेंबर २०२३ ते जून २०२४ या हंगामात देशभरात २,०३,५४४ ठिकाणी आग टिपली गेली. हे उपग्रहाला दिसलेले ठिपके आहेत, तेवढे वेगवेगळे वणवे नव्हेत.

मेसेज कोणाला जातो?

डेहराडूनची ही संस्था २००४ पासून उपग्रहाच्या मदतीने वणव्यांवर नजर ठेवते. आलेले ठिपके जंगलाच्या हद्दीशी ताडून बघितले जातात. धानाच्या बांध्यांत जाळलेली धसकटं किंवा कारखान्याची भट्टी यातून वगळण्याचा प्रयत्न होतो. मग संबंधित वन कर्मचाऱ्यांना एसएमएस जातो. संस्थेच्या ‘वन अग्नी’ पोर्टलवर नाव नोंदवलं तर सामान्य माणसालाही आपल्या भागाचे अलर्ट मिळू शकतात.

अडचण मधल्या तासांची आहे

व्हीआयआयआरएस असलेले उपग्रह आपल्यावरून साधारण दुपारी दीडच्या आणि रात्री दीडच्या सुमाराला जातात. समजा, दुपारी चार वाजता कोणीतरी पालापाचोळा पेटवला. पुढची फेरी रात्रीची. म्हणजे नऊ-साडेनऊ तास आग मोकळी. त्यानंतर डेटा प्रोसेस व्हायला लागणारा वेळ वेगळाच.

मग सतत बघणारा उपग्रह का वापरत नाही? इन्सॅट-३डी मालिकेतले उपग्रह अर्ध्या-अर्ध्या तासाने चित्र देतात, पण आग ओळखायला लागणाऱ्या बँडमध्ये त्यांचा एक पिक्सेल ४ किलोमीटरचा. छोटी आग त्यात हरवून जाते. थोडक्यात, जो बारीक बघतो तो क्वचित येतो, आणि जो सतत बघतो त्याला बारीक दिसत नाही. हा मधला खड्डा भरून काढायला जमिनीवरचा माणूसच लागतो.

आग लागते कशी?

आपल्याकडे बहुतेक वणवे माणसाच्या हातून लागतात. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं पडतात. वाळक्या पानांत ती शोधणं कठीण, म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात. तेंदूला नवी पालवी चांगली फुटावी म्हणूनही आग लावली जाते. १९२७ च्या भारतीय वन कायद्यानुसार राखीव जंगलात आग लावणं गुन्हा आहे. पण ज्या घरचा उन्हाळा मोहफुलं आणि तेंदूपत्त्यावर निघतो, त्याला फक्त कलम सांगून भागत नाही.

इथे जंगलात जाणं म्हणजे जिवाची जोखीम आहे. १० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन महिला वाघाच्या हल्ल्यात गेल्या. अशा जंगलात वाकून फुलं वेचणाऱ्या बाईला साफ जमीन हवी असते, आणि यात चुकीचं काही नाही. तिला आगीऐवजी दुसरा मार्ग मिळाला पाहिजे. झाडाखाली नेट बांधली तर फुलं वरच्या वर मिळतात, मातीही लागत नाही. तेंदूची झुडपं वेळेवर छाटली तरी पालवी येते. हे उपाय कुठल्याही ॲपपेक्षा स्वस्त आहेत.

तुमचा फोन काय करू शकतो?

१. जीपीएसला इंटरनेट लागत नाही. टॉवर नसला तरी फोनला आपलं लोकेशन कळतं. उन्हाळ्याआधी आपल्या तालुक्याचा ऑफलाइन नकाशा डाउनलोड करून ठेवा.

२. धूर दिसला तर व्हिडिओ नंतर. आधी अक्षांश-रेखांश आणि वेळ लिहून घ्या, आणि रेंज मिळताच वनविभागाच्या टोल-फ्री १९२६ वर फोन करा. लोक अडकले असतील तर ११२.

३. आपल्या बीटच्या वनरक्षकाचा नंबर आजच सेव्ह करा. रेंज कमी असेल तर व्हॉट्सॲपची वाट बघू नका, साधा एसएमएस करा. तो कमी सिग्नलमध्येही जातो.

४. एकट्याने विझवायला जाऊ नका. आग चढावर वेगाने धावते, म्हणून तिच्या वरच्या बाजूला थांबू नका. धुरात जनावरही दिसत नाही.

५. जुना व्हिडिओ ‘आजचा’ म्हणून फॉरवर्ड करू नका. कर्मचारी मोजकेच असतात. ते चुकीच्या ठिकाणी पोचले तर खरी आग वाढत राहते.

अलर्ट आला तरी पुढचं काम पायीच करावं लागतं. वनरक्षक, हंगामी अग्निरक्षक आणि गावातली पोरं ब्लोअर किंवा हिरव्या फांद्या घेऊन वाघाच्या जंगलात शिरतात. आपण तासभर आधी आणि नेमकी जागा सांगितली, तर त्यांना लहान आगीशी लढावं लागतं. उशीर झाला तर वणव्याशी.