पडणारा चेंडू आणि टॅबचा कॅमेरा

परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांना 2020 मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तो क्यूआर कोडमधून धडा मुलांपर्यंत पोचवल्याबद्दल. टॅबवर तयार व्हिडिओ दाखवणे आता नवे नाही. त्याच टॅबच्या कॅमेऱ्याने मुलांनी प्रयोग मोजावा का, हा प्रश्न वेगळा आहे; आणि पूर्णा-नांदेड लोहमार्गावरच्या चुडाव्यासारख्या गावात तो खर्चाचाही आहे.

एक मीटरवरून सोडलेला चेंडू सुमारे 0.45 सेकंदात जमिनीला टेकतो. स्टॉपवॉच दाबणाऱ्या बोटालाच 0.2 सेकंद उशीर होतो, मग उत्तरावर भरवसा कसा ठेवायचा? साधा कॅमेरा मात्र सेकंदाला 30 चौकटी टिपतो. चेंडूच्या बाजूला मीटरपट्टी उभी केली, की एकेक चौकट सरकवत मुले आकडे वहीत उतरवू शकतात: पहिल्या तीन चौकटींत चेंडू जेमतेम 5 सेंटिमीटर उतरतो, पुढच्या तीनमध्ये 15, त्यापुढच्या तीनमध्ये 25. त्वरण असे डोळ्यांसमोर उलगडते.

दुसरीकडे, हाच 1, 3, 5 चा क्रम गॅलिलिओने उतरत्या खाचेतून गोळा घरंगळवून, पाण्याच्या घड्याळावर वेळ मोजून शोधला होता. मीटरभर लांबीचा दोलक एका आंदोलनाला सुमारे 2 सेकंद घेतो. 20 आंदोलनांची वेळ मोजून भागाकार केला, की बोटाची चूकही विसांत वाटली जाते. ही युक्ती मुलांना स्वतः सुचणे, हे मोठे शिक्षण आहे. शिवाय एका टॅबच्या किमतीत कितीतरी दोऱ्या, वजने नि पट्ट्या येतात, आणि टॅब एकच असला तर बाकीचा वर्ग बघ्यांचा होतो. हा आक्षेप आम्हाला सर्वांत वजनदार वाटतो.

कॅमेराही चुकतो. पट्टी चेंडूच्या मागे दूर राहिली तर मापे बिघडतात. अंधाऱ्या वर्गात चेंडूची नुसती पुसट रेघ उमटते. पण या चुका मुलांना शोधता येतात, आणि व्हरांड्यातल्या उन्हात प्रयोग पुन्हा करता येतो.

म्हणून आमचा कल कॅमेऱ्याकडे आहे, मात्र दोन अटींवर. आधी हाताने मोजावे, आणि आलेख ॲपने नव्हे, मुलांनी कागदावर काढावा. यात दोन तासिका सहज जातील. दहावीच्या वर्षी ते परवडणार नाही, असे शिक्षक म्हणतील, आणि ते खोटे नाही. त्या तासिका नववीत, गतीचे नियम शिकवताना काढाव्यात, आणि टॅब गटागटाने फिरवावा.