पाचटाचा हिशेब कोणीं ठेवावयाचा?

श्रीपूरच्या शिवारांत ऊस तुटला कीं पाचट पेटवून देण्याची चाल जुनी आहे. यंदा मात्र एक गृहस्थ आमच्या बांधावर आले व गांठी बांधणारें यंत्र आणून शेत फुकट साफ करून देतों, पाचट तेवढें आमचें, असें म्हणूं लागले. शेजारच्या दोघांनीं आनंदानें होकार दिला. महसूल खात्यांत हयात आकडेमोडींत गेल्यामुळें असेल, पण ‘फुकट’ हा शब्द कानीं पडला कीं मी आधीं कागद-पेन्सिल शोधतों.

आज हें पाचट बहुधा जळण म्हणून जातें. त्याहून मोठें गिऱ्हाईक मागून येत आहे, आणि तें म्हणजे बुरशी. १९३४ सालीं स्थापन झालेल्या बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटनें येथें कारखाना घातला. तेव्हांपासून ऊस म्हणजे रस हेंच आपण जाणत आलों. पुढें मळीपासून मद्यार्क निघूं लागला. आतां पाळी पाल्याची. पाल्यांतील सेल्युलोज ही ग्लुकोज साखरेचीच लांब सांखळी होय. दुसऱ्या महायुद्धांत सॉलोमन बेटांवर अमेरिकन सैन्याचें सुती कापड व तंबू कुजूं लागले, त्याचें कारण शोधतां ही सांखळी तोडणारी तंतुमय बुरशी हातीं आली. ट्रायकोडर्मा रीसाय हें तिचें नांव. हरभऱ्याच्या बियाण्यास मर रोगासाठीं आपण जी ट्रायकोडर्मा चोळतों ती हिचीच बहीण. पाला वाफेनें व आम्लानें मऊ करावयाचा, बुरशीचीं विकरें त्यावर सोडावयाचीं, आणि सुटलेली साखर यीस्टच्या स्वाधीन करावयाची, म्हणजे इथेनॉल होतें.

ऑगस्ट २०२२ मध्यें पानिपत येथें भाताच्या पेंढ्यावरचा असा कारखाना सुरू झाला. (हें नांव एकदां तरी चांगल्या कारणानें ऐकलें!) त्याची घोषित क्षमता वर्षास २ लाख टन पेंढा व सुमारें ३ कोटी लिटर इथेनॉल, म्हणजे टनास १५० लिटर. हा उद्योग मला त्याज्य वाटत नाहीं. डिसेंबर २०२३ मध्यें उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर एका हुकुमानें निर्बंध आले होते. पाल्यास साखरेच्या टंचाईची ही बाधा नाहीं.

माझी तक्रार हिशेबापुरती आहे. हेक्टरीं ८ ते १० टन पाचट निघतें. त्यांत नत्र ४० ते ५० किलो व पालाश ७५ ते १०० किलो असतें. पालाश ७५ किलोच धरलें तरी म्युरेट ऑफ पोटॅशचीं अडीच पोतीं झालीं. तेंच पाचट खोडव्याच्या सरींत ठेवून हेक्टरीं ८० किलो युरिया, १०० किलो सुपर फॉस्फेट व १० किलो कुजविणारें संवर्धक टाकावें. शेतांतल्या बुरश्या कारखान्यावांचून काम करितात. कालव्याची उन्हाळी पाळी लांबली म्हणजे त्या आच्छादनाची किंमत निराळी सांगावी लागत नाहीं.

आतां खरी गोम पाहा. इथेनॉलांत कर्ब, उद्जन व प्राणवायु यांखेरीज कांहीं नसतें. पालाशाचा कणहि मोटारींत जळत नाहीं. तो सांडपाण्यांत व राखेंत मागें राहतो. मळीच्या सांडपाण्याच्या राखेपासून पालाशखत करून विकण्यास आरंभ झालाहि आहे. आपलेंच पालाश गांठींतून फुकट जावें व पोत्यांतून विकत यावें, हा व्यवहार कोणत्या वहींत बसतो?

सबब, खोडवें राखणारानें पाचट देऊंच नये. ज्यास द्यावयाचें त्यानें काट्यावर तोलून, टनाचा भाव ठरवून व राख अगर खत परत घेण्याची अट कागदावर लिहवून द्यावें. बुरशीस प्रथम कारखान्याचें उरलेलें बगॅस, तुराट्या व पऱ्हाट्या घालाव्या. जोंधळ्याचा कडबा मात्र कोणी मागूं नये. तो गुरांच्या तोंडचा घास आहे.

त्या गृहस्थांस मीं हीच अट घातली. मालकांस विचारून सांगतों म्हणाले, ते अद्याप आलेले नाहींत. आमचें पाचट सरींत पडलें आहे व खालच्या थरास पांढरी बुरशी धरली आहे.