परीक्षा काढली, तेव्हा फायदा कोणाचा झाला?

अमेरिकेतल्या नामांकित विद्यापीठांनी गेल्या काही वर्षांत एक मोठा प्रयोग केला आणि त्यातल्या अनेकांनी तो मागेही घेतला. २०२० साली करोनामुळे परीक्षा केंद्रे बंद पडली, तेव्हा एसएटी किंवा एसीटी या परीक्षांचे गुण कळवणे जवळजवळ सगळ्यांनी ऐच्छिक केले. कॅलटेकने तर गुण पाहायचेच नाहीत असे ठरवले. साथ ओसरल्यावरही ही सवलत चालू राहिली, कारण तोवर तिला सामाजिक न्यायाची जोड मिळाली होती. परीक्षेत श्रीमंतांच्या मुलांना झुकते माप मिळते, ती दूर केली की गरीब घरांतल्या मुलांची वाट मोकळी होईल, असा तो युक्तिवाद होता. मार्च २०२२ मध्ये एमआयटीने परीक्षा पुन्हा सक्तीची केली. २०२४ च्या पहिल्या चार महिन्यांत डार्टमथ, येल, ब्राऊन, हार्वर्ड आणि खुद्द कॅलटेकनेही तोच निर्णय घेतला. (येलने एपी किंवा आयबी या परीक्षांचे गुणही चालतील अशी मुभा ठेवली, कोलंबियाने मात्र ऐच्छिक धोरणच कायम केले.) ही माघार म्हणजे प्रस्थापितांची सरशी, असे मानणारे बरेच आहेत. मला ते पटत नाही. या विद्यापीठांच्या अर्जात जे जे मागितले जाते, त्यातल्या बहुतेक गोष्टींवर पैशाचा जेवढा जोर चालतो तेवढा परीक्षेच्या गुणांवर चालत नाही. म्हणून ते गुण मागितलेच पाहिजेत. त्याचबरोबर, मुलाची तयारी पुरेशी आहे एवढे त्यातून कळले की त्यापुढे त्यांना वजन देणे थांबवले पाहिजे.

आधी हे पाहू, की या गुणांवरून खरोखर काही कळते का. जॉन फ्रीडमन, ब्रूस सॅसरडोट आणि मिशेल टाइन या अभ्यासकांनी आयव्ही लीग आणि तिच्या बरोबरीच्या काही विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांचे निकाल तपासले. त्यांचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. एसएटीत १६०० पैकी १६०० मिळवलेल्या विद्यार्थ्याची पहिल्या वर्षाची सरासरी १२०० गुण मिळवलेल्यापेक्षा, ४ पैकी मोजली तर, ०.४३ ने जास्त निघाली. शाळेच्या निकालावरून मात्र फारसे काही सांगता येत नव्हते. शाळेत ४.० आणि ३.२ अशी सरासरी असलेल्या मुलांमधला कॉलेजातला फरक ०.१ च्याही आत राहिला. आणखी एक गोष्ट त्यात दिसली, आणि माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची आहे. घरची परिस्थिती वेगळी पण एसएटीचे गुण सारखे, अशी मुले कॉलेजात साधारण सारखीच कामगिरी करतात. गुण हा केवळ वडिलांच्या उत्पन्नाचा आरसा असता, तर असे झाले नसते. एमआयटीचा अनुभवही याला धरून आहे. तिथे कोणताही विषय घेतला तरी दोन सत्रे कॅल्क्युलस आणि दोन सत्रे भौतिकशास्त्र चुकत नाही. ज्या मुलाच्या शाळेत वरच्या पातळीचे गणित शिकवलेच जात नाही, त्याला आपली तयारी दाखवायला दुसरे साधन कोणते? शाळेचे प्रगतिपुस्तक त्याच्या बाजूने बोलू शकत नाही, कारण त्याच्या शाळेचे नाव प्रवेश समितीने कधी ऐकलेलेही नसते.

परीक्षा काढल्यावर तिची जागा कशाने घेतली, याचा विचार या वादात फार कमी होतो. जागा रिकामी राहत नाही. गुण नसले की निबंध, शिफारसपत्रे, खेळ, समाजकार्य, उन्हाळी सुटीतले संशोधन प्रकल्प यांचे वजन वाढते, आणि यातली प्रत्येक गोष्ट विकत घेता येते किंवा निदान पैशाने सजवता येते. निबंधाला हात लावून देणारे सल्लागार आहेत. चारशे मुलांमागे एक समुपदेशक असलेल्या सरकारी शाळेतले शिफारसपत्र आणि मोजक्याच मुलांना नावाने ओळखणाऱ्या महागड्या खासगी शाळेतले पत्र यांत काय अंतर असेल, हे सांगायला नको. खेळाचे म्हणाल, तर नौकानयन, तलवारबाजी, स्क्वॉश हे खेळ कोणत्या वस्तीतली मुले खेळतात? राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि फ्रीडमन यांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने हे सगळे आकड्यांत आणले. एसएटी-एसीटीचे गुण अगदी सारखे असतानाही, उत्पन्नात सर्वांत वरच्या एक टक्क्यातल्या घरांतली मुले या निवडक विद्यापीठांत पोहोचण्याची शक्यता मध्यमवर्गीय मुलांच्या दुपटीहून अधिक होती. त्यामागे त्यांना तीन कारणे दिसली: माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना मिळणारे प्राधान्य, अभ्यासाबाहेरच्या गुणांना दिलेले वजन आणि खेळाडूंची भरती. म्हणजे श्रीमंतांना मिळणारी ही जास्तीची मदत परीक्षेच्या बाहेरून येत होती. २०१९ मध्ये उघडकीस आलेल्या प्रवेश घोटाळ्यात काही पालकांनी परीक्षेतली उत्तरे बदलून घेतली होती हे खरे. पण त्याच घोटाळ्यात कधी बोटीत पाय न ठेवलेली मुले नौकानयनपटू म्हणून दाखवली गेली. परीक्षेतली फसवणूक पकडायला निदान उत्तरपत्रिका तरी असते.

‘संपूर्ण व्यक्तिमत्त्व पाहून प्रवेश’ ही कल्पना ऐकायला उदार वाटते, म्हणून तिचा जन्म कसा झाला ते लक्षात ठेवायला हवे. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला हार्वर्डमध्ये ज्यू विद्यार्थ्यांचे प्रमाण एकपंचमांशावर गेले. बहुतेक जण स्थलांतरितांची मुले होती आणि प्रवेशपरीक्षेत ती उत्तम गुण मिळवत होती. अध्यक्ष लॉवेल यांना ते खुपले. उघड मर्यादा घालण्याचा त्यांचा प्रस्ताव फसला. मग १९२६ नंतर चारित्र्य, व्यक्तिमत्त्व, अर्जासोबतचे छायाचित्र अशा गोष्टींना महत्त्व आले आणि ज्यू विद्यार्थ्यांची संख्या घटली. जेरोम कॅराबेल यांनी ‘द चोझन’ या ग्रंथात हा इतिहास तपशिलाने मांडला आहे. शंभर वर्षांनी हार्वर्डवरच्या खटल्यात पुन्हा तसाच प्रश्न पुढे आला. आशियाई वंशाच्या अर्जदारांना अभ्यासात चांगले गुण असूनही ‘वैयक्तिक’ मूल्यांकनात प्रवेश कार्यालयाकडून कमी श्रेणी मिळत होती. कनिष्ठ न्यायालयाला त्यात हेतुपुरस्सर भेदभाव आढळला नाही, आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वंशाधारित प्रवेश रद्द केले ते व्यापक घटनात्मक कारणांवर. तरीही श्रेणींतली ती तफावत नोंदीत आहे, आणि न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियात वाढणाऱ्या मराठी घरांतल्या मुलांनाही ती लागू पडते. मोजता न येणारा निकष ज्याच्या हाती असतो, त्याच्या आवडीनिवडी त्यात उतरतात, आणि नाकारलेल्या मुलाला दाद मागायला काही पुरावा उरत नाही.

आता विरोधकांचे सर्वांत मोठे म्हणणे. एसएटीचाच इतिहास कुठे स्वच्छ आहे, असे ते विचारतात. तो स्वच्छ नाही. १९२६ मध्ये ही परीक्षा पहिल्यांदा घेणारे कार्ल ब्रिगम हे वंशश्रेष्ठतेची मांडणी करणारे मानसशास्त्रज्ञ होते. १९३० मध्ये त्यांनी स्वतःच ती मांडणी मागे घेतली. त्याच परीक्षेचा उपयोग पुढे हार्वर्डचे अध्यक्ष जेम्स कॉनंट यांनी छोट्या गावांतली हुशार मुले शिष्यवृत्तीसाठी शोधायला केला. साधन ज्या हेतूने घडले त्याच हेतूने ते कायम वापरले जाते असे नाही, म्हणून त्याची परीक्षा आजच्या परिणामांवरून करावी. पण आजचे परिणाम तरी कुठे बरे आहेत? अमेरिकेतल्या अतिश्रीमंत घरांतली सुमारे एकतृतीयांश मुले एसएटीत १३०० किंवा त्याहून जास्त गुण मिळवतात. मध्यमवर्गीय मुलांत हे प्रमाण पाच टक्क्यांच्याही आत आहे. ही दरी भयंकर आहे आणि ती कोणी लपवू नये. मात्र ती परीक्षेच्या काही तासांत तयार होत नाही. बालवाडीपासूनची शाळा, वस्ती, घरातली पुस्तके, शिक्षकांची पात्रता, उन्हाळ्याच्या सुट्या, सकाळचा नाश्ता यांतून ती सतरा वर्षे वाढत आलेली असते. खास शिकवणीचा परिणाम लोक समजतात त्यापेक्षा बराच कमी असतो, असे अभ्यास सांगतात, आणि खान अकादमीवर २०१५ पासून एसएटीची तयारी फुकट करता येते. गुण पाहणे बंद केल्याने ही दरी बुजली नाही. ती फक्त प्रवेश समितीच्या नजरेआड गेली.

आणि गुण ऐच्छिक केल्याचा फटका कोणाला बसला, हे डार्टमथने स्वतः शोधून पाहिले. तिथल्या चार प्राध्यापकांना असे आढळले, की गुण कळवणे ऐच्छिक असताना कमी उत्पन्नाच्या घरांतली बरीच मुले १४०० च्या आसपासचे गुण कळवतच नव्हती. त्यांना वाटत होते, की डार्टमथसाठी हे गुण कमी पडतील. प्रत्यक्षात ते कळवले असते तर त्यांच्या प्रवेशाची शक्यता वाढली असती, कारण ज्या शाळेची सरासरी हजाराच्या जवळ आहे तिथल्या मुलीचे १४०० गुण प्रवेश समितीला फार काही सांगून जातात. जाणत्या समुपदेशकाचा सल्ला ज्यांना होता त्यांना हे ठाऊक होते. इतरांना ते सांगणारे कोणी नव्हते. काय कळवायचे आणि काय लपवायचे याचा अंदाज अर्जदारावर सोडला की त्या अंदाजाचीही किंमत मोजावी लागते, आणि ती मोजण्याची ताकद सगळ्यांकडे सारखी नसते.

शाळेचे निकाल पुरेसे नाहीत का, असा दुसरा आक्षेप असतो. चार वर्षांचा अभ्यास एका सकाळच्या परीक्षेपेक्षा विश्वासार्ह असायला हवा, हे तत्त्व मला मान्य आहे. पण ‘ए’ श्रेणीची खिरापत सुरू झाली की तिच्यावर विसंबता येत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या प्राध्यापकांच्या समितीने २०२० मध्ये आकडेवारी तपासून असे सांगितले होते, की परीक्षेचे गुण शालेय सरासरीपेक्षा जास्त नेमके भाकीत करतात आणि तूर्त ते काढू नयेत. नियामक मंडळाने तो सल्ला एकमताने बाजूला ठेवला. त्याच विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतल्या प्राध्यापकांनी नोव्हेंबर २०२५ मध्ये दिलेला अहवाल वाचून मन खिन्न होते. प्रवेश घेणाऱ्या आठांपैकी जवळपास एका विद्यार्थ्याचे गणित हायस्कूलच्याही पातळीला पोहोचत नव्हते, आणि अशा विद्यार्थ्यांची संख्या पाच वर्षांत सुमारे तीसपट झाली होती. अहवालाने करोनाला, सैल झालेल्या श्रेणींना आणि परीक्षा काढण्याला, अशा अनेक गोष्टींना जबाबदार धरले आहे. सगळा दोष एकट्या परीक्षेच्या अनुपस्थितीवर टाकणे चुकीचे होईल. तरी त्या मुलांचे काय झाले याचा विचार करावा. त्यांना शाळेने सांगितले तुम्ही हुशार आहात, विद्यापीठाने सांगितले तुम्ही तयार आहात, आणि पहिल्याच सत्रात वर्गात काय चालले आहे ते त्यांना कळेना. ही दया म्हणायची की फसवणूक?

इथवरचे वाचून कोणी म्हणेल, मग आपले बरे: गुणांची यादी लावा, वरून मुले घ्या. एमआयटीचे धोरण नेमके इथे वेगळे आहे आणि मला तेच योग्य वाटते. तिथले प्रवेशप्रमुख स्टू श्मिल यांनी परीक्षा परत आणताना स्पष्ट केले होते, की पूर्ण गुण मिळवणाऱ्यांना ते झुकते माप देत नाहीत. अभ्यास झेपेल एवढी तयारी दिसली की त्यापुढचे गुण विचारातच घेत नाहीत. गुण खूप काही सांगतात, पण बारीक फरक सांगू शकत नाहीत. १२०० आणि १५०० यांत अर्थ आहे. १५४० आणि १५७० यांत जवळजवळ नाही, कारण तोच विद्यार्थी पुढच्या महिन्यात पुन्हा बसला तर एवढा फरक सहज पडतो. भारतातल्या पालकांना हे पचायला जड जाते, कारण आपण अगदी उलट टोकाला उभे आहोत. जेईई अॅडव्हान्स्ड आणि नीटमध्ये एका गुणाने शेकडो, कधी हजारो क्रमांक मागेपुढे होतात, आणि त्या क्रमांकावर मुलाचे शहर, शाखा आणि समाजातली पत ठरते. २०२४ च्या नीटमध्ये आधी ६७ जणांना ७२० पैकी ७२० मिळाले आणि सुधारित निकालात ते १७ उरले. पहिल्या यादीवर विसंबलेल्यांना या क्रमांकाच्या नेमकेपणाचा खोटेपणा पुरता कळला असेल. आपल्याकडे परीक्षेवरचा भर मुळात वशिल्याच्या भीतीतून आला, आणि ती भीती साधार आहे. त्यामुळे निबंध आणि मुलाखती आणा असे मी म्हणणार नाही. पण मुलाने कोणत्या शाळेतून, कोणत्या तालुक्यातून, कोचिंगच्या किती मदतीने ते गुण मिळवले, हे आपली यादी विचारतच नाही. सामाजिक आरक्षणाने यातली एक मोठी बाजू सांभाळली आहे. एकाच प्रवर्गातल्या लातूरच्या क्लासमधल्या मुलात आणि अक्कलकुव्याच्या आश्रमशाळेतल्या मुलीत जे अंतर आहे, ते मात्र पर्सेंटाइलमध्ये दिसत नाही.

अमेरिकेपुरते बोलायचे तर परीक्षा परत आणणाऱ्या विद्यापीठांनी निम्मेच काम केले आहे. गरीब मुलाला आपली तयारी सिद्ध करायला लावायचे आणि माजी विद्यार्थ्याच्या मुलाला आडनावावर वाढीव संधी द्यायची, हे एकत्र नांदू शकत नाही. एमआयटी आणि कॅलटेकमध्ये असे प्राधान्य नाही. जॉन्स हॉपकिन्सने ते २०१४ मध्ये बंद केले आणि त्या विद्यापीठाचे त्यावाचून काही अडले नाही. देणग्या आटतील, माजी विद्यार्थी दुरावतील, असे सांगणाऱ्यांनी या तिघांकडे पाहावे. कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये कायदा करून राज्यातल्या खासगी विद्यापीठांनाही हे प्राधान्य द्यायला मनाई केली. त्यावर स्टॅनफर्डने राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती योजनेतून बाहेर पडून तेवढा पैसा स्वतःच्या तिजोरीतून द्यायचा निर्णय घेतला, पण माजी विद्यार्थ्यांच्या मुलांचे प्राधान्य सोडले नाही. याच स्टॅनफर्डने अर्जदारांसाठी एसएटी-एसीटीही पुन्हा सक्तीची केली आहे.