सप्तक्रांतीतील विसरलेले कलम

समलिंगी प्रेमावरील कथा-कादंबऱ्यांचा विषय निघाला की पुरोगामी म्हणविणाऱ्या वर्तुळातही एक ठरावीक वाक्य कानी पडते: ‘ही पुण्या-मुंबईच्या खात्यापित्या लोकांची थेरं. कोरेगावच्या शेतकऱ्याला त्यांचे काय?’ वाक्य फेकणाऱ्याचा आविर्भाव असा, की जणू शोषितांचा सारा कैवार एकट्या त्याच्याच पदरी पडलेला आहे. त्याला उत्तर नको असते, विषय मिटवायचा असतो. परंतु समाजवाद्याला प्रश्न असा मिटवता येत नाही. कोरेगावचे नाव निघालेच आहे, तर सुरुवातही कोरेगावापासूनच केलेली बरी.

सातारा-पंढरपूर रस्त्यावरील आणि पुणे-मिरज लोहमार्गावरील हे तालुक्याचे गाव. शिवारात ऊस, आले आणि वाघ्या घेवडा. एक मुलगा फौजेत, दुसरा मुंबईत माथाडी, तिसरा स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांत डोके घालून वाचनालयाच्या बाकावर, हे ह्या भागातील कित्येक घरांचे चित्र. त्या बाकावरील एखाद्या तरुणाचे मन मुलीकडे न वळता मित्राकडे वळत असेल, तर त्याने कोणाशी बोलावे? घरात त्या गोष्टीला शब्द नाही. पारावर शब्द आहे, पण तो शिवीचा आहे. पडद्यावर त्याच्यासारखा माणूस येतो तो हशा पिकविण्यापुरता. पंचविशी उलटली की पाव्हणेरावळे जमतात, मुलगी पाहण्याचा कार्यक्रम होतो आणि लग्न लागते. त्या लग्नात एक आयुष्य खोटे ठरते आणि दुसरे, काही अपराध नसताना, करपून जाते. त्या मुलीला तर कोणी काही विचारलेलेच नसते. हा प्रश्न स्त्रीमुक्तीच्या प्रश्नाहून वेगळा आहे, असे म्हणणाऱ्याने तिच्या डोळ्याला डोळा भिडवून तसे म्हणून दाखवावे.

म्हणूनच ‘ही खात्यापित्यांची थेरं’ हे म्हणणे वर्गीय दृष्टीनेच खोटे आहे. खात्यापित्या घरातील तरुणाला स्वतःची खोली असते, इंग्रजी पुस्तके असतात, समजूतदार डॉक्टर आणि प्रसंगी वकीलही असतो. काहीच जमले नाही तर परदेशाचे तिकीट असते. कोरेगावच्या तरुणापाशी ह्यांपैकी काहीही नाही. त्याच्यापाशी आहे ते १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली अनुदान घेणारे वाचनालय. तिथल्या कपाटात जे पुस्तक नाही, ते त्याच्यापुरते जगातच नाही. आज प्रत्येकाच्या हाती मोबाइल आहे, मग पुस्तक कशाला, असे कोणी म्हणेल. मोबाइलवर माणसे भेटतात हे खरे. पण बदनामीची धमकी देऊन पैसे उकळणारीही तिथेच भेटतात. कादंबरी कोणाला फसवीत नाही. दुसऱ्या कोणाचे तरी आयुष्य ती संथपणे समोर मांडते आणि वाचणाऱ्याला सांगते की, ह्या वाटेवर तू पहिला नाहीस. वाङ्मय जी गोष्ट चैनीची म्हणून सोडून देते, ती चैन परवडणाऱ्यांच्याच घरी जाते, इतके अर्थशास्त्र तरी समाजवाद्याला कळायला हवे.

हा विषय पश्चिमेकडून अलीकडे आला, अशीही एक समजूत आहे. रघुनाथ धोंडो कर्वे ह्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ चालविले ते १९२७ पासून १९५३ पर्यंत. लैंगिक शंकांना त्यांनी मराठीत, नावानिशी, शास्त्राच्या आधारे उत्तरे दिली आणि त्यापायी खटले अंगावर घेतले. १९३४ मधील खटल्यात वाचकांचे जे प्रश्न आणि त्यांवरील उत्तरे अश्लील ठरविण्यात आली, त्यांत समलिंगी संबंधांचाही विषय होता. कर्व्यांच्या बाजूने उभे राहिलेले बॅरिस्टर होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. अस्पृश्यांच्या चळवळीचा भार खांद्यावर असताना बाबासाहेबांनी ‘आधी भाकरी, मग हे’ असे म्हटले नाही. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. पण दलितांचा सर्वश्रेष्ठ नेता ह्या प्रश्नात कोणत्या बाजूला उभा होता, ह्याची नोंद कायमची झाली. आज बाबासाहेबांच्या तसबिरीला हार घालून ह्या विषयावर नाके मुरडणाऱ्यांनी ती नोंद एकदा वाचावी.

मराठी कथात्म वाङ्मयाची वाट मात्र फार धीमी राहिली. लाहोरच्या न्यायालयात इस्मत चुगताई ह्यांच्यावर १९४२ च्या ‘लिहाफ’ कथेसाठी खटला चालला आणि त्या निर्दोष सुटल्या. त्या काळी मराठी कथा मध्यमवर्गीय दिवाणखान्यातच रमली होती. पुढे १९७० च्या सुमारास, लघुनियतकालिकांच्या धुमाळीत, चंद्रकांत खोतांची ‘उभयान्वयी अव्यय’ आली आणि मुंबईच्या पोटातील देहव्यवहाराला शब्द मिळाले. सभ्य समीक्षेने तिच्यातील धीटपणाचीच तेवढी चर्चा केली. त्या धीटपणाखाली एकाकीपण होते, तिकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

१९८१ साली विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ विनय आपटे ह्यांच्या दिग्दर्शनाखाली रंगमंचावर आले. रोहिणी हट्टंगडी ह्यांनी मित्रा उभी केली. स्त्रीवर प्रेम करणारी स्त्री मराठी रंगभूमीच्या मध्यभागी आली ती बहुधा प्रथमच. नाटकाचे मोल मोठे आहे. पण त्याची मर्यादाही स्पष्ट बोलली पाहिजे. मित्राला प्रेक्षकांची सहानुभूती मिळते ती तिच्या मृत्यूच्या मोबदल्यात. मेलेल्या माणसाविषयी हळहळणे सोपे असते. जिवंत माणसाला शेजारी म्हणून स्वीकारणे अवघड असते. त्या पिढीचे वाङ्मय इथवरच पोचले.

त्यानंतर काही महिन्यांतच, जानेवारी १९८२ मध्ये, मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. गिरणीत, गोदीत आणि बाजारात राबणाऱ्या सातारा-सांगलीकडील हजारो पुरुषांनी त्या शहरात खोल्यांत आणि गाळ्यांत एकत्र आयुष्ये काढली होती. एका खोलीत पाळीपाळीने झोपणारे वीस-वीस पुरुष, खाणावळीचे जेवण, वर्षाकाठी जत्रेपुरते गावचे दर्शन. त्या खोल्यांतील घाम, कर्ज, दारू आणि भजन ह्यांवर मराठीत लिहिले गेले. तिथे एकाने दुसऱ्याला दिलेला आधार, आजारपणात जागविलेल्या रात्री, आयुष्यभर पुरलेला जिव्हाळा, ह्यांपैकी कशाला नुसती मैत्री म्हणावे आणि कशाला प्रेम, हे विचारण्याचे धाडस श्रमिकांच्या वाङ्मयानेही केले नाही. तेव्हा ‘आधी भाकरी’ असे सांगितले गेले. पुढे गिरण्या गेल्या, भाकरीही गेली. विषय पुढे ढकलण्याची सबब तेवढी शाबूत राहिली.

ग्रामीण महाराष्ट्र ह्या विषयाबाबत भोळा आहे, हेही कोणी सांगू नये. जत्रेच्या फडात नाच्याला शिट्ट्या मारणारे आणि फड उठल्यावर त्याचीच टर उडविणारे गावकरी काही पॅरिसहून आले नव्हते. आनंद यादवांच्या १९८० मधील ‘नटरंग’चा नायक शेतमजूर आहे, तालमीतला गडी आहे, कलेपायी तो नाच्या होतो आणि गाव त्याचे पुरुषपण हिरावून घेते. तो समलिंगी नाही. पण ‘बायकी’ ठरलेल्या पुरुषाला आपला समाज कोणती शिक्षा देतो, ह्याचा इतका नेमका दस्तऐवज दुसरा क्वचितच असेल. ह्या मातीला ते क्रौर्य ठाऊक आहे. माणूस तेवढा तिने ओळखायचा नाकारला.

१९९० मध्ये मुंबईहून ‘बॉम्बे दोस्त’ हे नियतकालिक निघाले. २००२ मध्ये बिंदुमाधव खिरे ह्यांनी पुण्यात समपथिक ट्रस्ट स्थापिला आणि थोड्याच वर्षांत त्यांची ‘पार्टनर’ ही मराठी कादंबरी आली. २००६ मध्ये सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ प्रसिद्ध झाली. एकाच घरातील भाऊ आणि बहीण एकाच पाहुण्या तरुणाच्या प्रेमात पडतात, ही तिची गोष्ट. मित्राला हळहळ मिळाली होती. इथे तनयला आवाज मिळाला. पाव शतकात मराठी वाङ्मयाने एवढी मजल मारली. जेरी पिंटो ह्यांनी ती २०१३ मध्ये इंग्रजीत नेली, २०२२ मध्ये तिच्यावर चित्रपट निघाला. मराठी कादंबरी जगभर वाचली जाते आणि मराठी मुलखातील तालुक्याच्या गावी तिच्याविषयी दबक्या आवाजात बोलावे लागते, ह्या विसंगतीची लाज कोणाला वाटायची?

कायद्याची चाल तर ह्याहून वाकडी. १८६० मध्ये इंग्रजाने दंडसंहितेत ३७७ वे कलम घातले. इंग्रज गेला, कलम एकाहत्तर वर्षे राहिले. २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते ते दूर केले, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा लादले आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी अखेर त्या संबंधांना गुन्ह्यातून सोडविले. २०१३ च्या निकालात ह्या लोकांची संख्या अत्यल्प असल्याचा मुद्दा होता. हक्क डोकी मोजून द्यायचे ठरले, तर ह्या देशात कोणत्या अल्पसंख्याकाची धडगत राहील? ऑक्टोबर २०२३ मध्ये न्यायालयाने विवाहाचा हक्क देण्यास नकार दिला. म्हणजे तुरुंगाचे दार उघडले, घराचे दार अजून बंद आहे. ते उघडावयाचे तर आधी समाजाचे मन उघडले पाहिजे, आणि त्या कामी न्यायाधीशाच्या निकालपत्रापेक्षा कथा-कादंबरी अधिक उपयोगी पडते.

डाव्या चळवळीने आपला इतिहासही प्रामाणिकपणे तपासावा. १८९८ मध्ये जर्मन संसदेत समलिंगी पुरुषांना गुन्हेगार ठरविणाऱ्या कलमाविरुद्ध बोलायला उभा राहिला तो कामगारांचा पुढारी ऑगस्ट बेबेल. क्रांतीनंतर रशियाच्या १९२२ च्या दंडसंहितेत हा गुन्हा ठेवला नव्हता. १९३४ पर्यंत स्टॅलिनच्या राजवटीने तो पुन्हा आणला आणि त्याला बूर्ज्वा विकृतीचे लेबल चिकटविले. आज ‘खात्यापित्यांची थेरं’ म्हणणारा साथी ह्यांपैकी कोणाची भाषा बोलतो आहे? बेबेलची खचित नव्हे.

आणि डॉ. लोहिया? त्यांच्या सप्तक्रांतीची यादी शिबिरा-शिबिरांतून म्हटली जाते. स्त्री-पुरुष समता येते, वर्ण आणि जातीचा नाश येतो, परकी गुलामगिरी आणि आर्थिक विषमता येते. सहाव्या कलमापाशी आवाज मात्र खाली उतरतो. ते कलम आहे खाजगी जीवनावरील अन्याय्य आक्रमणाविरुद्धच्या क्रांतीचे. कोणी कोणावर प्रेम करावे, ह्यात शासन, जात किंवा जमात ह्यांनी हात घालणे ह्याहून मोठे आक्रमण कोणते? आंतरजातीय विवाह करणाऱ्यांच्या मागे उभा राहणारा कार्यकर्ता आणि दोन पुरुषांच्या वा दोन स्त्रियांच्या प्रेमापुढे मान खाली घालणारा कार्यकर्ता एकच असेल, तर त्याने सहा क्रांत्यांवर सही केली आहे, सातांवर नव्हे. जात टिकते ती लग्नावर पहारा ठेवून. आणि तोच पहारेकरी इथेही दारात काठी घेऊन उभा आहे.

एक आक्षेप मात्र ऐकून घेण्याजोगा आहे. आज कंपन्या इंद्रधनुषी रंग लावून माल खपवितात आणि त्याच कंपन्या कंत्राटी कामगाराला वाऱ्यावर सोडतात. ही ढोंगबाजी उघडी पाडलीच पाहिजे. परंतु भांडवलदाराने झेंडा पळविला म्हणून ज्याचा झेंडा पळविला त्यालाच शिक्षा करणे, हा कुठला न्याय? चळवळीने जागा रिकामी सोडली, म्हणून तिथे जाहिरातदार बसला. उपाय एकच: जागा परत घेणे.

ह्या वाङ्मयालाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. त्याचे विश्व अजून बरेचसे पुणे-मुंबईच्या सुशिक्षित घरांतले आहे. उसाच्या फडात, एस. टी. च्या आगारात, पोलीसभरतीच्या मैदानावर, देवळाच्या पारावर घडणारी गोष्ट अजून लिहावयाची आहे, आणि ती बाहेरून आलेला लेखक लिहिणार नाही. दलित आणि ग्रामीण साहित्याने जसे आपले लेखक आपल्या मातीतून काढले, तसेच इथे घडले पाहिजे. पण वाचावयास काही मिळाल्याशिवाय कोणी लिहू लागत नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या जिल्ह्यात हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नसावी.

तेव्हा काम साधे आहे. तालुक्याच्या वाचनालयाचा सभासद असलेल्या साथीने मागणीच्या वहीत ‘कोबाल्ट ब्लू’ आणि ‘पार्टनर’ ही नावे स्वतःच्या सहीने लिहावीत. ग्रंथखरेदी समितीवर जो असेल त्याने ती मंजूर करून घ्यावीत, आणि पुस्तके कुलुपाच्या कपाटात न ठेवता इतर कादंबऱ्यांच्या रांगेत ठेवण्याचा आग्रह धरावा. अभ्यासवर्गात एकदा ‘मित्राची गोष्ट’ वाचली जावी आणि चर्चेत हशा पिकू लागला, तर अध्यक्षाने तो थांबवावा. ह्याला निधी लागत नाही, मोर्चा लागत नाही. लागते ती चारचौघांत सही करण्याची हिंमत.

सातारा जिल्ह्याला ती नवी नाही. १९४२ नंतर प्रतिसरकारने ह्याच मुलखात परक्या सत्तेला धुडकावले आणि त्याच वेळी कमी खर्चाची गांधी-पद्धतीची लग्ने लावून घराच्या उंबऱ्याआतील रूढीलाही हात घातला. क्रांतिसिंहांच्या कार्यकर्त्यांनी ‘हा खाजगी प्रश्न आहे’ म्हणून अंग काढून घेतले नाही. कोरेगावच्या वाचनालयात बाकावर बसलेल्या त्या तरुणाला भाषण नको आहे. त्याला कपाटात एक पुस्तक हवे आहे, आणि ते मागताना ग्रंथपालाने मान वर करून पाहू नये, एवढीच त्याची अपेक्षा आहे. एवढेही ज्या पक्षाच्या कार्यकर्त्यांकडून होणार नाही, त्यांनी सप्तक्रांतीची यादी पुन्हा म्हणताना निदान आकडा तरी बदलून घ्यावा.