हिरावलेली लोकशाही, विसरलेली लोकशाही

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी केलेल्या भाषणाचे स्मरण दरवर्षी संविधान दिनाच्या व्यासपीठांवर होते. हार घातले जातात, उताऱ्यांचे वाचन होते आणि सभा विसर्जित होते. देशाने स्वातंत्र्य कसे गमावले याचे दाखले देताना बाबासाहेबांनी पहिला दाखला सिंधचा दिला होता, हे मात्र फारसे कोणाच्या ध्यानी राहत नाही. महंमद बिन कासिमच्या हस्तकांकडून लाच घेऊन राजा दाहिरच्या सेनापतींनी लढण्यास नकार दिला, ही ती कथा.

ज्या काळात हे शब्द दिल्लीत उच्चारले जात होते, त्याच काळात सिंधमधून सर्वस्व गमावून आलेली कुटुंबे चेंबूरच्या निर्वासित छावणीत नव्याने चूल मांडत होती. पराभवाचा तो इतिहास चेंबूरच्या दारात येऊन उभा होता.

नवे प्रजासत्ताक हे स्वातंत्र्य टिकवील काय, हा बाबासाहेबांचा प्रश्न होता. पक्षांनी आपले मत देशापेक्षा श्रेष्ठ मानले तर स्वातंत्र्य पुन्हा धोक्यात येईल, असे त्यांनी बजावले. उपायही सांगितले. घटनात्मक मार्ग सोडू नका. कितीही थोर पुरुषाच्या चरणी आपली स्वातंत्र्ये वाहू नका. भक्ती आत्म्याला मोक्ष देईल, राजकारणात ती हुकूमशाहीकडेच नेते. आणि राजकीय लोकशाहीला सामाजिक लोकशाहीचा पाया द्या.

यांपैकी दुसऱ्या इशाऱ्याची प्रचीती येण्यास पुरती सव्वीस वर्षेही लागली नाहीत. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी लादली गेली. विरोधी नेते तुरुंगात गेले, वृत्तपत्रांवर नियंत्रण आले, ४ जुलैला संघावर बंदी आली. घटनात्मक मार्ग मोकळे असताना सत्याग्रहाचे समर्थन होऊ शकत नाही, असे बाबासाहेबांनी म्हटले होते. येथे तर ते मार्ग सत्तेनेच बंद केले होते. म्हणूनच त्या काळातील सत्याग्रह हा लोकशाहीचा द्रोह नव्हता, तिचे रक्षण होते. मार्च १९७७ मध्ये मतदाराने निर्णय दिला. ऑगस्ट १९७६ मध्ये भूमिगत अवस्थेतून राज्यसभेत प्रकट होऊन पुन्हा निसटलेल्या डॉ. सुब्रमण्यम स्वामींना ईशान्य मुंबईने लोकसभेवर पाठविले. हिरावून घेतलेली लोकशाही जनतेने मतपेटीतून परत मिळविली.

हा अभिमानाचा इतिहास आहे. परंतु अभिमान बाळगणाऱ्यांनाच एक अप्रिय प्रश्न विचारला पाहिजे. मार्च २०२२ मध्ये मुंबई महानगरपालिकेची मुदत संपली. पुढील मतदान झाले ते १५ जानेवारी २०२६ रोजी. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे, असे राज्यघटनेचा अनुच्छेद २४३-यू स्पष्ट शब्दांत सांगतो. तरीही जवळजवळ चार वर्षे २२७ प्रभागांत एकही नगरसेवक नव्हता. २०२५-२६ चा ७४,४२७ कोटी रुपयांचा अर्थसंकल्प प्रशासकाने मांडला आणि त्यावर एकाही लोकनिर्वाचित प्रतिनिधीचे मत पडले नाही.

कारणे सांगितली गेली : इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा न्यायालयीन वाद, प्रभागांची संख्या २२७ वरून २३६ आणि पुन्हा २२७. या काळात सत्तेवर प्रथम महाविकास आघाडी होती, ३० जून २०२२ पासून महायुती. दोष एकाच झेंड्याच्या माथी मारता येत नाही. अखेर मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निवडणुका घेण्याचा आदेश द्यावा लागला.

आणि जनता? माहुलच्या हवेची तक्रार, देवनारच्या कचराभूमीचा धूर, तुंबलेली गटारे, हे सारे घेऊन चेंबूरचा नागरिक विभाग कार्यालयात अर्जदार म्हणून जात राहिला. ज्याला पाच वर्षांनी जाब विचारता येईल असा माणूस तेथे नव्हता. सुशिक्षित वर्गात तर ‘प्रशासक बरा, निदान नगरसेवकांचा त्रास नाही’ असेही म्हटले गेले. हे वाक्य निरुपद्रवी नाही. आणीबाणीत ‘गाड्या वेळेवर धावतात’ म्हणून समाधान मानणारे हीच भाषा बोलत होते. वाईट नगरसेवक मताने घालविता येतो. चांगला प्रशासकही मताने आणता येत नाही. दोन्ही प्रसंग समान तोलाचे नाहीत, हे खरे. पण १९७५ मध्ये लोकशाही बळाने हिरावली गेली, तेव्हा माणसे तुरुंगात गेली. २०२२ मध्ये ती विसरली गेली, तेव्हा कोणाची झोपही मोडली नाही. दुसरी गोष्ट अधिक चिंताजनक आहे, कारण चोरी झालेल्या वस्तूचा शोध घेतला जातो, विसरलेल्या वस्तूचा नाही.

पंडित दीनदयाळ उपाध्याय लोकमत-परिष्काराचा आग्रह धरीत, तो याचसाठी. लोकमत केवळ मोजायचे नसते, घडवायचेही असते. चेंबूरला त्याचे उदाहरण दूर शोधावे लागत नाही. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या हशू अडवाणींनी १९६२ मध्ये येथे विवेकानंद एज्युकेशन सोसायटीची स्थापना केली. पुढे ते आमदार झाले, मंत्रीही झाले. निर्वासिताने राज्याकडे केवळ मागणी केली नाही, समाजाला शाळा दिली. राष्ट्रनिर्माण म्हणतात ते हेच.

आता महापालिकेत पुन्हा लोकप्रतिनिधी आले आहेत. कार्यकर्त्याचे काम मतदान केंद्रावर संपत नाही, तेथून सुरू होते. प्रभागातील कामांचा हिशेब मागणे, विरोधकाचे म्हणणे ऐकून घेणे, आणि आपल्या पक्षाचा माणूस चुकला तर प्रथम आपणच त्याला सांगणे, ही कर्तव्ये घोषणांहून कठीण आहेत. व्यक्तिपूजेविरुद्धचा बाबासाहेबांचा इशारा केवळ प्रतिपक्षासाठी नव्हता. दाहिरचा घात परक्यांनी एकट्याने केला नाही. स्वकीय सेनापती जागचे हलले नाहीत, म्हणून सिंध गेला.